अर्धी रास

माझी सासू ठमाबाई सापाला भ्यायची नाही. भाताच्या भाऱ्यात घोणस निघाली तर विळ्यानं बाजूला सारून पुन्हा कापायला बसायची. पण कागद बघितला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. तलाठ्याचा शिपाई नुसता पाणी प्यायला दारात आला तरी ती मागच्या दारानं निघून जायची आणि मला सांगायची, "मैने, बोल तू. मी घरात न्हाय." मला हसू यायचं. त्या आणीबाणीच्या साली मात्र माझं हसू पार बंद झालं.

आमचं घर वडप्याच्या अलीकडे, आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. पुढ्यात भाताची खाचरं, मागं आंब्याचं एक झाड. माझा नवरा रघू नारपोलीला लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला. शिफ्ट करून करून कानानं अर्धा बहिरा झालेला, त्यामुळे आमच्याकडे भांडण करायचं तरी अंगणभर ऐकू जायचं. सासरा चिंधू माझ्या लग्नानंतर दोन पावसाळे काढून गेला. शेत बघायची ती सासूच. चिखलात उतरली की तिला घराची आठवण राहायची नाही.

शेत आमचं नव्हतं. भिवंडीत मोठं घर असलेल्या एका बाईचं होतं, त्यांना सगळे आक्का म्हणत. आम्ही त्यांचे कूळ, म्हणजे कसायचं आम्ही आणि अर्धं भात त्यांचं. झोडणी झाली की खळ्यावर रास घालायची, दोन वाटे करायचे, आणि आक्कांचा वाटा फखरुद्दीनभाईच्या बैलगाडीतून भिवंडीला जायचा. हा फखरुद्दीनभाई गवताचा व्यापारी, त्याचे बापजादे इथलेच. गाडीबरोबर आक्का स्वतः यायच्या आणि रास वाटून झाली की सासूला एक लुगडं द्यायच्या. सणावाराला सासू त्यांच्या घरी सारवायला, भात कांडायला जायची. मजुरी नाही, काही नाही. मी त्याला सरळ वेठ म्हणायची. सासूला राग यायचा. "मान हाय तो," म्हणायची. असला मान चुलीत घाल, असं माझ्या अगदी ओठावर यायचं, पण नवी सून होते मी.

आजूबाजूच्या कुळांच्या नावावर जमिनी केव्हाच झाल्या होत्या. कायदाच तसा आला होता, जो कसतो त्याची जमीन. आमचं अडलं ते मालकीण विधवा म्हणून. विधवेच्या हयातीत कुळाचा हक्क थांबतो, तिच्यामागं मुदतीत अर्ज करून मागायचा असतो. हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. आक्का वारल्या तेव्हा सासू धाय मोकलून रडली, बाराव्याला भिवंडीत जाऊन भांडी घासून आली, आणि तिथंच आक्कांच्या पुतण्यानं, विनूशेठनं, तिला सांगितलं, "ठमे, रोडची जागा आता मला लागणार. ट्रक उभे करायचेत. पावसाळ्याआधी घर हलवा."

हलवा म्हणे. घर काय पाट आहे, इथून उचलून तिथं ठेवायला?

सासू घरी आली. दोन दिवस अन्न गेलं नाही तिला. रघू म्हणाला, नारपोलीला एक खोली बघू, चाळीत बरेच आपल्याकडचे आहेत. तर ती म्हणाली, "मी चाळीत जाऊन काय करू? लूमला हात लावू?" मग तिनं रघूला विचारलं, तिथं दारापुढं माती असते का.  मी त्या चाळीतली खोली बघितली होती. दारापुढं गटार होतं.

अशात ती जीप आली. त्या साली जीप म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नसबंदीवाले आले म्हणून गावातली पुरुषमंडळी शेपूट घालून रानात पळाली. आमचा रघू सुट्टीवर घरी होता, तो ऐकू न येताही सगळ्यांच्या पुढं. जीपमधून उतरली एक बाई, सुती पातळ, खांद्याला झोळी. ठाण्याची हेमाताई. मुंबईच्या एका संस्थेची. संस्थेला लांबून लांबून देणग्या यायच्या आणि त्या पैशातून ती गरीब कुळांच्या केशी चालवायची. वकील त्यांचा, मोजणीचा खर्च त्यांचा, एसटीचं भाडं त्यांचं. इतकंच नाही, तारखेच्या दिवशी बुडालेली मजुरीसुद्धा देऊ म्हणाली.

तिथंच माशी शिंकली. मजुरी बुडाली ती भरून देतात म्हटल्यावर सासू जास्तच घाबरली. "फुकट कोन देतं मैने? कोंबडीला दाणे कशापायी टाकतात?" म्हणाली. तिला हसू नका. दुसऱ्या दिवशी विनूशेठचा माणूस लडकू, आमच्याच शेजारच्या गावचा, आंब्याखाली बसून अगदी मायेनं सांगून गेला, की या संस्थेवाल्यांना अंगठा दिला की जमीन त्यांच्या नावावर जाते. मग ते ती विकतात, कारखान्याला. वज्रेश्वरीकडं एका म्हातारीचं असंच झालं म्हणे. कुठल्या म्हातारीचं, नाव काय, काही पत्ता नाही. पण भीतीला नावगाव लागत नाही.

हेमाताई पुन्हा आली. पुन्हा आली. सासू आत भाताच्या कणगीमागं बसून राहायची आणि मी चहा करायची. शेवटी मलाच संताप आला. ताई गेल्यावर मी सासूला म्हटलं, "आत्या, लडकू म्हणतो ही बाई जमीन घेईल. विनूशेठ तर घेणारच आहे. एक घेणारच आहे, तर जी कदाचित घेणार नाही तिच्याकडं जा की." ती कणगीमागून बाहेर आली. मग म्हणाली, "बुडत्याला काडीचा आधार, असं म्हन." आणि ताईच्या पुढच्या फेरीला तिनं वकिलाच्या कागदावर अंगठा दिला. दिला कसला, तिचा हात धरून मीच टेकवला. रात्रभर तो अंगठा ती पदराला पुसत होती.

चैत्रात भिवंडीच्या मामलेदार कचेरीत पहिली तारीख लागली. विनूशेठचं म्हणणं असं, की ही माणसं कूळ नव्हेतच. आक्कांच्या घरची ही गडीमाणसं, अन्नवस्त्रावर राबणारी. गड्याला जमिनीवर कसला हक्क? आमच्या वकिलानं सासूला बजावलं होतं, फार बोलू नका, विचारलं तेवढंच सांगा, जमीन आम्ही कसतो आणि अर्धा वाटा देतो, एवढंच.

कचेरीत जायचं म्हणून सासू पहाटे उठून न्हाली. तिची दोन लुगडी, दोन्हींना ठिगळं. तिसरं पेटीतलं, हिरवं, काठाचं. आक्कांनी शेवटच्या राशीला दिलेलं. तिनं ते नेसलं. मोठ्या माणसापुढं जायचं तर मोठ्या माणसानं दिलेलं नेसून जावं, म्हणजे आपण कुणाच्या दारचे आहोत ते दिसतं, अशी आमच्याकडची रीत. मलाही ते चांगलंच वाटलं. म्हातारी छान दिसत होती.

कचेरीत विनूशेठ समोरच होता. तिनं सवयीनं वाकून त्याला नमस्कार केला. मग त्याचा वकील उठला. जमिनीचं त्यानं काहीच विचारलं नाही. अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, लुगडं छान आहे. कोणी दिलं?"

सासू खुलली. खरंच खुलली. इतक्या परक्या माणसांत कोणीतरी तिच्याशी बरं बोललं. "आक्कांनी," म्हणाली.

"दर वर्षी द्यायच्या?"

"व्हय. दर वर्षी."

"तुम्ही त्यांच्या घरी सारवण, कांडण करायचात?"

"करायची तर. माझ्याशिवाय त्यांना दुसरी चालत न्हवती."

"मग जेवूनखाऊनच येत असाल."

आता इथं साधं हो म्हणून सुटायचं की नाही? पण गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं आणि समोर त्यांचा पुतण्या बसलेला. आमच्या माणसांची जीभ अशा वेळी आपोआप वाकते. सासूनं हात जोडले आणि म्हणाली, "त्यांच्याच अन्नावर वाढलो साहेब. त्यांचंच खाल्लं, त्यांचंच ल्यालो."

आमच्या वकिलानं डोळे मिटले. मी दाराशी उभी होते, मला तेव्हा कळलं नाही की काय झालं. पण कारकुनाची लेखणी भराभर चालायला लागली, तेव्हा काहीतरी बिनसलं एवढं कळलं. अर्धं भात तिच्या घामाचं दर वर्षी गाडीभरून जात होतं, कोण कुणाच्या अन्नावर वाढलं होतं? पण हे तिथं कोणी विचारलं नाही, आणि सासूच्या तर मनातही आलं नाही. तिला वाटलं ती चांगलं बोलली.

निकाल विरुद्ध गेला. कूळ नाही, गडी.

हेमाताईनं तो निकाल आमच्या अंगणात बसून समजावून सांगितला. लुगड्याचं, जेवणाचं, सगळं. सासू ऐकत होती. ऐकता ऐकता ती उठली, आत गेली, आणि अंगावरचं ठिगळाचं लुगडं घट्ट धरून भिंतीला टेकून बसली. "मीच घर बुडवलं," एवढंच म्हणत राहिली. मग तिला दुसरी भीती धरली. संस्थेचा पैसा वाया गेला, आता ते भरून मागतील. ताई म्हणाली, कोणी मागणार नाही, अपील करू, खर्च संस्थाच करील. सासूला ते खरं वाटेना. जो हरल्यावरही पैसे घालतो त्याचा हेतू काय, या विचारानं तिची झोप उडाली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही शहाणे कधीच नव्हतो, आता पायरीवर अडकलो होतो.

अपील होईपर्यंत ताबा हलवायचा नाही असा हुकूम वकिलानं मिळवला. पण हुकूम वकिलाच्या बॅगेत आणि आम्ही रोडच्या कडेला. वैशाखात भर दुपारी आमची पेंढ्याची गंज पेटली. आम्ही विहिरीवर होतो. धावत आलो तोवर बैलाचा वर्षाचा चारा गेला होता. कोणी लावली, कोणी बघितलं नाही. संध्याकाळी लडकू चौकशीला आला. "घर पेंढ्याच्या जवळच हाय की तुमचं," म्हणाला. "जपून राहा."

त्यानंतर मला जी भीती बसली ती आजही आठवते. चूल पेटवताना भीती, माझं अंगावर पिणारं लेकरू अंगणात खेळताना भीती, रघू शिफ्टवरून यायला उशीर झाला की भीती. आग्रा रोडवर एखादा ट्रक आमच्या समोर थांबला की आम्ही दोघी हातातलं काम टाकून बघत उभ्या राहायचो. ड्रायव्हर बिचारा उतरून टायर बघायचा आणि निघून जायचा. आम्ही मात्र घामानं भिजलेल्या. तरी पाऊस पडल्यावर सासूनं भाताचं आवण टाकलं, रोपं वर आल्यावर लावणी केली. मी म्हटलं, "आत्या, भीती वाटत नाही तुम्हांला?" तर म्हणाली, "वाटते. पन पेरलं न्हाय तर आपन आपल्या हातानंच उठलो म्हनतील."

वकील म्हणाला, अर्धा वाटा दर वर्षी जात होता हे सांगणारा परका साक्षीदार आणा, तरच जमेल. परका साक्षीदार एकच होता, फखरुद्दीनभाई. आम्ही दोघी त्याच्या वखारीवर गेलो. त्यानं बसायला दिलं, घरातून बायकोला, सईदाभाभीला, चहा सांगितला आणि आमचं बोलणं ऐकून घेतलं. मग मान हलवली. "ठमाबाई, ही वखार विनूशेठच्या जागेत हाय," म्हणाला. "उद्या मला निघ म्हनला तर एवढं गवत मी कुठं नेऊ? मला माफ करा." सासू लगेच उठली. "बरोबर हाय तुमचं," म्हणाली. मला मात्र राग आला. चहा तसाच ठेवून मी निघाले. वाटेत सासू मलाच बोलली, "त्याला का बोल लावतेस? तो बी आपल्यासारखाच भ्यालाय."

भाद्रपदात ठाण्याला वरच्या साहेबापुढं अपील निघालं. सासू या वेळी ठिगळाच्या लुगड्यात आली.  आपलं बोलणंच आपल्याला बुडवतं असं तिनं मनाशी घेतलं होतं. साहेबानं नाव विचारलं तरी ती माझ्याकडं बघायची. आमच्या वकिलाचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात दारातून फखरुद्दीनभाई आत आला, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं विनूशेठकडं एकदाही बघितलं नाही. शपथ घेतली आणि सांगितलं, की दर वर्षी झोडणीनंतर रासेचा अर्धा वाटा मी माझ्या गाडीतून आक्कांकडं पोचवला, चिंधू होता तेव्हापासून. "गड्याला मालक धान्य देतो साहेब," म्हणाला. "इथं तर मालकच नेत होता." बोलताना दोनदा पाणी मागितलं त्यानं. बाहेर आल्यावर मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर दोन पावलं मागं सरला. "तुम्हांला न्हाय म्हनलो म्हनून सईदानं आठ दिवस माझ्याशी बोलनं टाकलं होतं," म्हणाला.

अपील आमच्या बाजूनं लागलं. ठमाबाई कूळ, जमीन तिची. सरकारनं ठरवून दिलेली किंमत हप्त्यानं भरायची, पहिला हप्ता संस्था देणार. हेमाताई पेढे घेऊन आली. ताकीदही दिली, "आता विनूशेठला एक दाणासुद्धा द्यायचा नाही. दिलात तर तो वर जाऊन म्हणेल, बघा, अजून मला मालक मानतात. कळलं ना ठमाबाई?" सासूनं मान हलवली. पेढा तिनं देवापुढं ठेवला, खाल्ला नाही.

कार्तिकात झोडणी झाली. त्या वर्षी भात चांगलं आलं होतं. खळ्यावर रास झाली आणि मी लेकराला दूध पाजून परत आले तर काय बघते, सासूनं राशीचे दोन वाटे केलेले. एक घराकडचा, एक रोडकडचा. दर वर्षीसारखे.

माझं डोकंच फिरलं. "आत्या, हे काय चालवलंय? सगळं आपलं आहे हे."

"हाय," म्हणाली ती. "पन असू दे तिकडं."

"कुणासाठी?"

तिनं एकदा रोडकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मैने, मला लई भ्या वाटतं. अर्ध्यात आपलं भागत आलंय. अर्धं त्यांच्या वाटंवर ठेवलं तर घराला तरी हात लावायचे न्हाईत." मला भांडायचं होतं, पण तिच्या तोंडाकडं बघून जमेना. जळालेल्या गंजीचा काळा डाग अजून अंगणात होता. मीही काही झाशीची राणी नव्हते. मी ते भात तसंच राहू दिलं.

रोडवरून सगळं दिसतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी लडकू गाडी घेऊन आला. गाडी त्यानं खळ्याला लावली, रोडकडच्या राशीशी, आणि खाली उतरून विडी पेटवली. "शहाणी झालीस म्हातारे," म्हणाला. "शेठला वाटलंच होतं. भर."

सासू उठली. पाटी घेतली. राशीत घातली आणि भरली. मला ताईचे शब्द आठवले. ही एक पाटी गाडीत पडली की अपील, साक्ष, फखरुद्दीनभाईची वखार, सगळं मातीत. मी धावले आणि त्या राशीवर सरळ फतकल मारून बसले. दुसरं काय करायचं ते मला सुचलंच नाही. "ऊठ," लडकू म्हणाला. मी उठले नाही. तो दोन पावलं पुढं आला. मला वाटलं, आता हा मला केसांना धरून ओढणार. रघू नारपोलीला, आसपास चिटपाखरू नाही. लेकरू घरात रडायला लागलं.

सासू भरलेली पाटी घेऊन मधेच उभी होती. पाटीतलं भात सांडत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग लडकूकडं. मग ती खाली बसली, माझ्याशेजारी, राशीवरच, पाटी मांडीवर घेऊन.

"लडकू," म्हणाली, "मला तुझं लई भ्या वाटतं. शेठचं बी वाटतं. तू घर जाळशील. जाळ. पन हे मी देनार न्हाय."

तिचे दात वाजत होते बोलताना. इतकं भ्यालेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. लडकूला आरडाओरडा, शिव्या, गयावया, सगळ्याची सवय होती. याचं काय करायचं ते त्याला कळेना. विडी संपेपर्यंत तो उभा राहिला. रोडनं एसटी आली, आमच्या थांब्यावर थांबली, माणसं उतरायला लागली. त्यानं गाडी वळवली. "बघतो," म्हणाला आणि गेला.

तो दिसेनासा झाला तरी सासू उठेना.  मी तिच्या मांडीवरची पाटी घेतली, ओढत ओढत घराकडच्या राशीवर नेऊन ओतली. मग दुसरी. मग तिसरी. ती टक लावून बघत होती.

"मैने," म्हणाली, "एकत्र केलंस तर मग वेगळं करता यायचं न्हाय."

"नाही यायचं," मी म्हटलं.

ती पुन्हा रोडकडं बघायला लागली. भीती कुठंच गेली नव्हती, तिच्या डोळ्यांत सगळी तशीच होती. मग हातावर जोर देऊन ती उठली, घरातून दुसरी पाटी घेऊन आली आणि माझ्याबरोबर भरायला लागली.